सव्वा लाखाचा कंप्रेसर की प्लगइन? विश्रामबागेतील एका घरगुती रेकॉर्डिंगचे प्रकरण

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराची पहिल्या मजल्यावरची खोली. १२ बाय १० फूट, छत १० फुटांवर. खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीत सरकत्या काचांची मोठी खिडकी, समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट. घरातल्या गायिका ख्याल आणि अभंग गातात, स्वर काळी चार. साथीला पेटी, तबला आणि मिरजेत बनलेला तानपुरा. सहा अभंग आणि मारव्यातला एक ख्याल असे ध्वनिमुद्रण घरीच करायचे ठरले होते. तांत्रिक बाजू त्यांचा मुलगा सांभाळतो. त्याच्याकडे माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, पाच इंची स्पीकरची जोडी, बंद कपांचा हेडफोन आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर इतका सरंजाम होता. पुढच्या खरेदीसाठी बाजूला काढलेली रक्कम १,४०,००० रुपये.

तक्रार अशी की आवाज पातळ येतो, तार सप्तकात टोचतो आणि आलापाच्या मागे सतत घरघर राहते. गायिकेच्या शब्दांत, "पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटतंय." यावर जाणकारांचे दोन सल्ले आले. एकाचे म्हणणे, हा डिजिटलचाच दोष. ट्यूबवर चालणारा एक ऑप्टिकल कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारे यंत्र) जुन्या बाजारात सव्वा लाखाला मिळतोय, तो घ्या, आवाजाला ऊब येईल. दुसऱ्याचे म्हणणे, त्याच यंत्राची नक्कल करणारा प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा प्रोग्रॅम, तीन-चार हजारांत येतो, बाकीचे पैसे वाचवा. दोघांनीही कच्चे ट्रॅक ऐकलेले नव्हते. त्यामुळे तपास तिथूनच सुरू झाला.

घरघर कुठून येते

फॅन बंद, फ्रिज बंद, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा तो नॉब) नेहमीच्या जागी ठेवून ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड केली. मीटर उणे ५२ डीबीएफएसवर थांबला; या मापात शून्य म्हणजे डिजिटलची कमाल पातळी. बंद खोलीत हा आकडा फार वर आहे. स्पेक्ट्रम पाहिल्यावर ५०, १००, १५० हर्ट्झवर स्पष्ट सुळके दिसले. या चित्रावरून निम्मे निदान होते. सगळीकडे सारखी पसरलेली सूंऽऽ असेल तर ती माइकची किंवा प्रीअँपची (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाची). ५० च्या पटीतले मोजके सुळके असतील तर वायरिंग, अर्थिंग किंवा केबल. आणि सुळक्यांची रांग थेट दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंत गेली असेल, म्हणजे घरघरीला किणकिणाटाची धार असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर. वीज गेल्यावर अशा इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू ठेवू नये. गाणे चांगले झाले तरी ती धार नंतर नीट काढता येत नाही.

पुढची पायरी एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला, सुळके थोडेच उतरले. माइकची केबल बदलली आणि ते जवळजवळ दिसेनासे झाले. जुन्या केबलला मल्टिमीटर लावला तेव्हा एका टोकाच्या कनेक्टरमध्ये ३ नंबरच्या पिनेचे सोल्डर सुटलेले निघाले. एक्सएलआर केबलमध्ये १ नंबरची पिन शील्डची, २ आणि ३ या सिग्नलच्या. दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला हम, म्हणजे विजेची घरघर, प्रीअँप वजाबाकीने घालवतो. एक तार तुटली की वजाबाकी करायला दुसरी बाजूच उरत नाही. गंमत म्हणजे माइक बंद पडत नाही. माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे फँटम, २ नंबरवरून कसाबसा पोचतो, आवाज येत राहतो, फक्त तो अशक्त आणि हमसकट येतो. 'पातळ' या तक्रारीतला एक हिस्सा इथेच होता.

उरलेला थोडा हम अर्थिंगचा होता. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजला तर तो ६ व्होल्टच्या आसपास; दोनच्या आत असावा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्यात पाणी घालायचे कुणाच्या लक्षात राहत नाही. खड्डा भिजवला, वायरमनकडून जोड घट्ट करून घेतले आणि इंटरफेस, लॅपटॉप व स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. ट्यूबच्या यंत्रात आत अडीचशे व्होल्टच्या वर डीसी असतो.

एवढ्यानंतर शांततेचा आकडा उणे ६८ पर्यंत उतरला. याच जुन्या साखळीला सव्वा लाखाचा कंप्रेसर जोडला असता तर काय झाले असते? कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग मेकअप गेनने सगळेच वर उचलतो. ६ डीबी दाबून ६ डीबी उचलले की आलापाच्या मागची घरघरही ६ डीबीने वर येते. यंत्र खरे असो की नकली, हिशोब तोच.

तार षड्जाची टोच

कच्च्या ट्रॅकमध्ये तानेची शिखरे उणे १ डीबीएफएसला टेकत होती आणि तार षड्जावर दोन ठिकाणी चक्क कापली गेली होती. मुलाने गेन आलापावर ठरवला होता. ख्यालात आलापाचा पहिला षड्ज आणि द्रुत लयीतली तार सप्तकाची तान यांत २० ते २५ डीबीचा फरक सहज पडतो. गेन ठरवताना गायिकेला सर्वांत जोरकस तान आधी गायला सांगायची आणि तिची शिखरे उणे १२ ते उणे १० च्या दरम्यान ठेवायची. आलाप मीटरवर केविलवाणा दिसेल, दिसू द्यावा. २४ बिटमध्ये वर १२ डीबी जागा मोकळी सोडली तर दोन बिट वापराविना राहतात, इतकेच. खोलीची स्वतःची कुजबुज त्या खालच्या बिटांच्या कितीतरी वर असते.

'भरून लेव्हल घ्या' ही सवय टेपच्या काळातली. टेपवर हिस होता म्हणून लेव्हल वर ठेवावी लागे आणि थोडी पुढे गेली तरी टेप हळूहळू गोलसर वाकत असे. कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, वाकत नाही, कापतो. डिजिटल टोचते असे म्हणतात त्यातली बरीच टोच ही या एका गैरसमजाची असते.

फरशी

गायिका बैठकीवर बसून गात. माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर होता, कारण जवळचा माइक त्यांना नजरेसमोर नको होता. तोंड आणि माइक दोन्ही फरशीपासून ७५ सेंटिमीटर उंच. थेट येणारा आवाज ६० सेंटिमीटर चालतो, फरशीवरून उसळून येणारा जवळपास १६२. फरक १०२ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर, आणि उसळलेला आवाज थेट आवाजापेक्षा फक्त साडेआठ डीबीने कमी. या दोहोंच्या बेरजेत १७०, ५१०, ८५० हर्ट्झच्या आसपास चार-चार डीबीचे खड्डे पडतात आणि मधल्या जागी पावणेतीन डीबीचे उंचवटे उठतात. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झवर, मंद्र पंचम १५६ वर. म्हणजे पहिला खड्डा नेमका मंद्र पंचम आणि षड्ज यांच्या मध्ये, जिथे या आवाजाचे अंग आहे.

माइक २० सेंटिमीटरवर आणला की तीच फरशी साडेसतरा डीबी खाली जाते आणि चढउतार एक-सव्वा डीबीवर येतात. शिवाय खोलीच्या गुंजेच्या तुलनेत थेट आवाज साडेनऊ डीबीने वर येतो, आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारा) माइक जवळ आल्यावर खालच्या स्वरांना जो भराव देतो तोही मिळतो. नजरेचा प्रश्न माइक नाकाच्या उंचीवर घेऊन खाली ओठांच्या कोपऱ्याकडे वळवल्याने सुटला. 'प' आणि 'भ'चे फुंकारेही त्यामुळे माइकच्या खालून निघून जातात. बैठकीच्या पुढे फरशीवर जाड वाकळ अंथरली.

वाकळीबद्दल थोडे. भिंतींवर चहूबाजूंनी वाकळी आणि गाद्या टांगण्याचा मोह होतो. पातळ कापड एक किलोहर्ट्झच्या वरचेच शोषते. वरचे गेले आणि २०० ते ४०० हर्ट्झची गुंज तशीच राहिली की खोली मंद आणि कोंदट होते. इथे ४ बाय २ फुटांची, ४ इंच जाड रॉकवूलची सहा पॅनेल सुताराकडून करून घेतली. प्रतिघनमीटर ४८ किलो घनतेचे रॉकवूल, सागवानी नव्हे साध्या लाकडाची चौकट, वरून सुती कापड, मागे भिंतीपासून ४ इंच पोकळी. पोकळी फुकट असते आणि पॅनेलचे काम तिच्यामुळे आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचते. दोन पॅनेल गायिकेच्या पाठीमागे, कारण कार्डिऑइड माइकचे तोंड तिकडेच असते. एक लोखंडी कपाटासमोर, बाकीची काचेपुढे आणि कोपऱ्यात.

रस्त्याच्या आवाजाला मात्र पॅनेलचा उपयोग नाही. सांगली-मिरज रस्ता रात्री अकरानंतर शांत होतो, पण गळीत हंगामात तेवढेही खरे नसते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यावरच्या टेपसकट, मध्यरात्रीही जातात. ख्यालाचे मुद्रण हंगाम संपल्यावर ठेवले.

समोरासमोर चाचणी

आता कुठे मूळ प्रश्न विचारण्याजोगा झाला. ट्यूबचा ऑप्टिकल कंप्रेसर उसना मिळाला. हा एलए-२ए या गाजलेल्या कंप्रेसरच्या घराण्यातला. त्यात सिग्नलनुसार उजळणारी चकती आणि तिच्यासमोर प्रकाशाने बदलणारा कॅडमियम सल्फाइडचा रेझिस्टर असतो. दाबायला तो साधारण १० मिलिसेकंद घेतो. सोडताना निम्मी दाब ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली सावकाश, काही सेकंद घेत. किती वेळ आणि किती दाबले होते यावर ते ठरते.

यंत्र जोडण्याआधी मागचा व्होल्टेजचा खटका पाहिला. परदेशातून आलेली जुनी यंत्रे ११५ व्होल्टवर लावलेली असतात. २३० ला तशीच जोडली तर नशीब चांगले असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. ट्यूब तापायला अर्धा तास दिला.

तुलना न्याय्य व्हायची तर गाणे एकच हवे. म्हणून आधी कोरडा आवाज रेकॉर्ड केला आणि तोच इंटरफेसच्या लाइन आउटमधून कंप्रेसरमध्ये पाठवून परत आत घेतला. लेव्हल जुळवण्यासाठी उणे १८ डीबीएफएसचा साइन टोन सोडून आउटपुटच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने १.२३ व्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवला. ही व्यावसायिक यंत्रांची अधिक ४ डीबीयू पातळी. टोन २०० हर्ट्झचा घेतला, एक किलोहर्ट्झचा नाही, कारण स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो आणि वर गेल्यावर त्याचे आकडे घसरतात. पिन आणि शील्ड यांच्यात मोजले तर अर्धाच आकडा येतो आणि माणूस उगाच ६ डीबी वाढवून बसतो. घरगुती यंत्रांची उणे १० डीबीव्ही पातळी ०.३१६ व्होल्टची असते. दोहोंत जवळपास १२ डीबीचा फरक आहे, आणि 'यंत्र दाबतच नाही' किंवा 'फारच दाबते' या बहुतेक तक्रारी तिथल्या असतात.

फेरीत लागणारा उशीर रीपरमधल्या रीइन्सर्टने पिंग पाठवून मोजला आणि तेवढा ट्रॅक सरकवला. मग कंप्रेसर काढून नुसती केबल जोडली आणि तोच आवाज एकदा फिरवून आणला. म्हणजे नंतर ऐकू येणाऱ्या फरकात कन्व्हर्टरच्या फेरीचा वाटा किती हे वेगळे कळते. प्लगइनवर तोच ट्रॅक, सरासरी ३ ते ४ डीबी दाब, शिखरांवर ७. शेवटी दोन्ही ट्रॅकची सरासरी लाउडनेस ०.१ डीबीच्या आत जुळवली. ही पायरी गाळली तर बाकी सगळे व्यर्थ, कारण अर्ध्या डीबीने मोठा ट्रॅक कानाला मोठा न वाटता 'भरदार' वाटतो.

ऐकणारे चौघे: गायिका, मुलगा, पेटीवाले काका आणि तबलजी. प्रत्येकाला नाव न सांगता १६ वेळा ओळखायला दिले. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ चा उंबरठा. तो फक्त काकांनी ओलांडला. त्यांना विचारले तर म्हणाले, "ओळ संपते तिथं एकात सूं ऐकू येतं, मी तेवढंच धरलं." तो हिस हार्डवेअरचा होता. ओळींच्या टोकांना हलका फेड देऊन पुन्हा ऐकवले तेव्हा काकांचाही अंदाज इतरांसारखाच झाला. ६० आणि २० सेंटिमीटरवरच्या माइकचा फरक मात्र चौघांनी एकदाही न चुकता ओळखला.

याचा अर्थ दोन्ही एकच आहेत असा घेऊ नये. दाब १२-१५ डीबीपर्यंत नेला की ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर रंग दाखवू लागतात, आणि साध्या प्लगइनची सुटण्याची चाल तिथे खऱ्या चकतीसारखी राहत नाही. पण ख्यालाच्या आवाजावर १५ डीबी दाब देणारा माणूस शोधावा लागेल.

त्यापेक्षा मोठा फरक कंप्रेसरच्या जातीने पडला. त्याच ट्रॅकवर १९६७ च्या ११७६ या एफईटी (ट्रान्झिस्टरवरच्या) कंप्रेसरची नक्कल लावून पाहिली. त्याचा अ‍ॅटॅक (दाबायचा वेळ) २० ते ८०० मायक्रोसेकंद, रिलीज (सोडायचा वेळ) ५० ते ११०० मिलिसेकंद, आणि नॉब उजवीकडे फिरवले की वेग वाढतो, हे नवख्याला उलटे वाटते. सेकंदाला सात-आठ स्वरांच्या तानेत एकेक स्वर १२५ ते १४० मिलिसेकंदांचा. रिलीज ५० वर असेल तर कंप्रेसर प्रत्येक स्वराला दाबून सोडतो आणि तानेचा दाणा सपाट होतो. ऑप्टिकलची मंद शेपटी पूर्ण तानेला एकच तुकडा समजते, म्हणून दाणे शाबूत राहतात. पैसे यंत्रावर घाला किंवा प्लगइनवर, हा निर्णय आधी घ्यावा लागतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच आहे.

ऊब, पण मारव्यात नको

'ऊब' म्हणतात ती मुख्यतः सॅच्युरेशनची, म्हणजे थोड्या विकृतीने तयार होणाऱ्या जादा स्वरांशांची. एका आवाजावर ती गोड लागते. मुलाची योजना अशी होती की कंप्रेसर पूर्ण मिक्सवर, म्हणजे गळा, पेटी आणि तानपुरा एकत्र करून, लावायचा. अभंगांवर ते छान वाटले. मारव्यावर काहीतरी खटकत होते आणि गायिकेने ते सर्वांत आधी पकडले.

कारण गणिताचे आहे. दोन स्वर एकत्र विकृत झाले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. त्यातला ठळक एक म्हणजे पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. तानपुऱ्याच्या जोडीचा षड्ज २०७.६५ आणि गळ्यातला शुद्ध गंधार २५९.६ हर्ट्झ घेतला तर ४१५.३ वजा २५९.६ म्हणजे १५५.७. हा नेमका मंद्र पंचम. यमन किंवा भूपावर बेतलेल्या अभंगात पंचम आहेच, त्यामुळे हा न गायलेला स्वर आधाराला येतो आणि ऐकणारा 'भरलेपणा' म्हणतो. मारव्यात पंचम वर्ज्य. तानपुऱ्यावरही पंचमाऐवजी निषाद लावलेला, आणि हा बाहेरचा पंचम मिक्समध्ये येऊन बसतो. तीव्र मध्यमावर आणखी वाईट. २९२ हर्ट्झचा तीव्र मध्यम घेतला तर उत्तर १२३.३, म्हणजे मंद्र कोमल गंधाराच्या जरा खाली, मारव्यात नसलेला आणि वर बेसूर. सॅच्युरेशन हलके असेल तर हे स्वर दबून राहतात. जोर दिला की हेडफोनवर स्पष्ट येतात. खऱ्या ट्रान्सफॉर्मरमधूनही येतात आणि प्लगइनमधूनही.

म्हणून सॅच्युरेशन लावायचे तर एकेका ट्रॅकवर, एकत्र करण्याआधी. आणि तानपुऱ्याला मुळीच नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या कारागिरीसाठी, त्यात जवारी, म्हणजे घोडीवर तार झणझणेल अशी बसवणे, लावण्याचे काम मोठे आहे. जवारी हे स्वतःच तारेतून सरकते स्वरांश काढणारे यंत्र. धागा केसभर हलवून बसवलेली ती झळाळी सॅच्युरेशनमध्ये सरमिसळ होते आणि सपाट घोष उरतो. तानपुऱ्याचा माइक जवारीच्या अगदी समोर न धरता भोपळा आणि दांडी जुळतात तिथे ३०-४० सेंटिमीटरवर ठेवला.

प्लगइनचा स्वतःचा एक दोष इथे नोंदवायला हवा. ४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे नमुने) २४ च्या वर काही राहू शकत नाही. त्यावर जन्मलेले स्वरांश उलटून खाली पडतात. १० किलोहर्ट्झच्या टोनचा तिसरा स्वरांश ३० वर जायचा तो १८ वर येतो, पाचवा ५० वर जायचा तो २ वर. त्यांचे मूळ स्वराशी काही नाते नसते. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतले काम जादा नमुन्यांवर करण्याची सोय, असेल तर चौपट लावावे. असा टोन सोडून स्पेक्ट्रमवर १८ आणि २ ला सुळके दिसतात का पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. स्वस्त सॅच्युरेशन प्लगइन कर्कश वाटतात त्याचे हे एक कारण, आणि हार्डवेअरला हा आजार नसतो.

गाताना कानात काय येते

हार्डवेअरच्या बाजूने एक मुद्दा खरोखर जड होता. गायिकेला हेडफोनमध्ये दाबलेला, भारलेला आवाज ऐकून गायचे होते. प्लगइनमधून ऐकवायचे तर २५६ सॅम्पलच्या बफरला (लॅपटॉप एका वेळी जितका आवाज साठवून हाताळतो त्या साठ्याला) जाताना ५.३ आणि येताना ५.३ मिलिसेकंद, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचे; एकूण दहाच्या पुढे. हाडांतून थेट ऐकू येणाऱ्या स्वत:च्या आवाजाशी हा उशिराचा आवाज मिसळला की गळा पोकळ भासतो आणि गायक नकळत श्रुती शोधत राहतो. बफर ६४ केला तर लॅपटॉप टकटक करू लागला.

तोडगा असा निघाला: कोरडा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, उशिराविना. लॅपटॉपमधून फक्त रिव्हर्ब (कृत्रिम घुमणे) परत पाठवायचा, शंभर टक्के ओला, कोरडा आवाज शून्य. रिव्हर्बला दहा मिलिसेकंद उशीर झाला तर तो प्री-डिलेसारखाच, म्हणजे रिव्हर्बआधी मुद्दाम सोडलेल्या विरामासारखाच, ऐकू येतो. रीपरमध्ये त्या ट्रॅकचा मूळ आवाज मास्टरला (मुख्य आउटपुटला) जाऊ द्यायचा नाही, हे विसरले तर आवाज दुहेरी येतो. गायिकेने हेडफोनचा एक कप कानाबाहेर ठेवला. त्या बाजूचा आवाज पॅन करून बंद केला, म्हणजे माइकमध्ये गळती नाही.

खरेदी

कंप्रेसर परत गेला. सहा पॅनेलना १४ हजार लागले. केबल, कनेक्टर, स्टँड आणि अर्थिंग मिळून ६. दोन इनपुटचा इंटरफेस बदलून आठ इनपुटचा घेतला, ५५ हजार. गळा, पेटी, तानपुरा, तबला आणि डग्गा एकत्र वाजवून वेगळे रेकॉर्ड करता येणे ही या कामाची खरी गरज होती, आणि एकाच चॅनेलच्या कंप्रेसरने ती भागली नसती. लहान डायफ्रॅमच्या कंडेन्सरची जोडी १८, रीपरचा परवाना आणि ऑप्टिकल कंप्रेसरचा प्लगइन मिळून ९. एकूण १,०२,००० रुपये. ३८ हजार शिल्लक.

याच रकमेत हार्डवेअर योग्य ठरले असते अशी माणसे आहेत. आठवड्याला बैठका रेकॉर्ड करणारा, ज्याला नॉब एकदा लावून पुन्हा हात लावायचा नाही; किंवा गाणे संपताच तयार आवाज द्यावा लागणारा. जुन्या चांगल्या यंत्राची किंमतही टिकते, तर प्लगइनला विकत कोण घेणार? ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की काही प्लगइन उघडतच नाहीत, म्हणून प्रत्येक गाण्याचा प्रक्रिया केलेला ट्रॅक वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवलेला बरा. उलट यंत्राला पावसाळा सोसत नाही. नॉब खरखरतात, ट्यूबचे पाय काळवंडतात, आणि दुरुस्त करणारा गावात असेलच असे नाही. सांगलीत २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना जड रॅक तळमजल्यावर ठेवण्याबद्दल वेगळे सांगायला नको.

अंतिम साखळीत गळ्यावर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे काढून टाकणारा फिल्टर), ऑप्टिकल प्लगइनवर सरासरी ३ डीबी दाब, अभंगांपुरते चौपट ओव्हरसॅम्पलिंगचे हलके सॅच्युरेशन. मारव्यात तेही नाही. आलाप आणि तान यांतला फरक कंप्रेसरऐवजी हाताने व्हॉल्यूम ऑटोमेशन करून कमी केला.

डग्ग्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्याने ५६ आणि ११३ हर्ट्झच्या गुंजा एकमेकींवर बसतात, आणि ११३ हा डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या वाटेतच येतो. खोलीच्या मध्यावर बसून मिक्स केले की डग्गा फुगलेला ऐकू येतो, मुलगा तो कमी करतो, आणि बाहेर गाडीत ऐकल्यावर तबल्याला डावा हातच नसतो. ऐकण्याची जागा लांबीच्या ३८ टक्क्यांवर, समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणल्याने लांबीच्या दिशेच्या गुंजेत सुधारणा झाली. रुंदी-उंचीची तशीच आहे. ११३ हर्ट्झच्या लाटेचा चतुर्थांश ७६ सेंटिमीटर भरतो, तितके जाड पॅनेल या खोलीत मावणार नाही. सध्या डग्ग्याची पातळी हेडफोनवर ठरवतात, आणि शिल्लक ३८ हजारांतले काही छताच्या दोन कडांना आडवे बास ट्रॅप (खालचे स्वर शोषणारी जाड पॅनेल) लावण्यासाठी राखून ठेवले आहेत.